मामा, हा घेऊ का? खिशात मावणारा, भरवशाचा कॅमेरा निवडताना

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा, हा घेऊ का?" सोबत फोटो. काळाभोर, गुळगुळीत कॅमेरा. कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. डब्यावर ठळक अक्षरांत ६४ मेगापिक्सेल, १८ पट डिजिटल झूम, फोर-के व्हिडिओ. वर कार्ड आणि दोन बॅटऱ्या फुकट. किंमत सहा हजारांच्या आत.

"नको," मी लिहिलं. "रविवारी घरी ये."

रविवारी तो आला तेव्हा लोखंडी कपाटातून माझा जुना कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, चालू कर. त्यानं बटण दाबलं. लेन्स जेमतेम पाव इंच बाहेर आली, कर्र असा आवाज झाला, आत गेली, पुन्हा बाहेर आली आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली. पडद्यावर ओळ उमटली की कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा. गेली चार वर्षं तो हेच सांगतोय.

मोबाइलचा टॉर्च मारून त्याला लेन्सच्या दोन नळ्यांमधली फट दाखवली. आत पांढरट, केसाहून बारीक असं काहीतरी अडकलेलं. कापसाचा तंतू. आमच्या सोलापुरात, पूर्व भागात माझ्या एका मित्राचा यंत्रमाग कारखाना आहे. चादरींचे माग. तिथं मी लागोपाठ सात-आठ रविवार फोटो काढत होतो. मित्र पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "का बे, एवढा महागाचा कॅमेरा घेऊन इथं काय करालास?" मी हसण्यावारी नेलं. त्या शेडमध्ये कामगारांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होतात, तिथं कॅमेऱ्याची काय कथा! दुरुस्तीसाठी कुरिअरनं पुण्याला पाठवला, तर लेन्स आणि सेन्सर मिळून एकच भाग येतो, तो अख्खा बदलावा लागेल म्हणाले. खर्चाचा अंदाज कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. परत मागवला आणि कपाटात ठेवून दिला.

भाच्याला म्हटलं, तू मेगापिक्सेल बघतोयस. हा कॅमेरा मेगापिक्सेल कमी पडले म्हणून गेलेला नाही.

त्या दुपारी शेंगाचटणी-भाकरीवर आमचं जे बोलणं झालं, ते जरा नीट लावून इथं लिहितोय. विषय किचकट आहे असं लोक समजतात. निम्मा किचकटपणा विकणाऱ्यांनी घातलेला आहे.

मेगापिक्सेलचा हिशोब

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. चांगली प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपके धरतात. चार बाय सहा इंची फोटो म्हणजे १२०० गुणिले १८००, म्हणजे साधारण २२ लाख ठिपके, सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. आठ बाय बाराच्या प्रिंटला पावणेनऊच्या आत काम होतं. घरातल्या भिंतीवर बारा बाय अठराची फ्रेम लावायची म्हटलं तरी साडेएकोणीस. आणि तुमच्या घरातला मोठ्यातला मोठा फोर-के टीव्ही एका वेळी ८३ लाख ठिपकेच दाखवू शकतो. म्हणजे २० मेगापिक्सेल हौशी माणसाला भरपूर झाले. त्यावरचे उपयोगी पडतात ते फोटो मागाहून कापून लहान करायची सवय असेल तर.

मग सहा हजारांत ६४ कुठून आले? बिननावाच्या असल्या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा आतला सेन्सर खूपच कमी ठिपक्यांचा असतो. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय असेल याचा अंदाज बांधून कॅमेऱ्यातला प्रोग्रॅम तिसरा ठिपका स्वतःच रंगवतो. दुधात पाणी घालून मापं वाढवायची तसला प्रकार. डिजिटल झूमचंही तेच. फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा, बस. झूम खरा तो ऑप्टिकल, लेन्सच्या काचा पुढंमागं सरकून होणारा. जाहिरातीत ऑप्टिकल हा शब्द नसेल तर झूम नाही असंच धरून चाला.

डाळीचा दाणा आणि करंगळीचं नख

आता खरी गोष्ट, सेन्सर. लेन्समधून आलेला उजेड ज्या चौकोनी चिपवर पडून त्याचा फोटो होतो, ती चिप. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत, आणि लांबलचक झूमवाल्यांतही, ती ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरची असते. तुरीच्या डाळीचा एक दाणा हातावर घेऊन बघा, जवळजवळ तेवढी. त्यावरचा प्रकार 'एक इंची', १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. त्याहून मोठा एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६. फुल फ्रेम ३६ बाय २४, पण तो खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत क्वचितच येतो.

एक इंची म्हणतात आणि १३ मिलिमीटर कसा, असं भाच्यानं विचारलंच. कर्ण मोजला तरी तो १६ मिलिमीटरच भरतो, इंच नाहीच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगायचे, आणि आतला उपयोगाचा भाग त्याहून लहान असायचा. नळ्या गेल्या, मापं राहिली. प्लंबर ज्याला अर्धा इंची पाइप म्हणतो तो पट्टी लावून मोजा, अर्धा इंच कुठंच सापडत नाही, त्यातलंच हे.

क्षेत्रफळ काढलं तर नखवाला सेन्सर डाळवाल्याच्या चौपट भरतो आणि एपीएस-सी तेरापट. भर दुपारी याचा फारसा फरक कळत नाही. कळतो तो संध्याकाळी. उजेड कमी पडला की कॅमेरा आलेल्या सिग्नलचा आवाज वाढवतो, त्यालाच आयएसओ वाढवणं म्हणतात. गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, एखाद्या पाळण्यावाल्याचा जुना लाउडस्पीकर ऐकलाय? आवाज चढवला की गाण्याबरोबर घरघरही चढते. फोटोत ती घरघर म्हणजे रांगोळी सांडल्यासारखे रंगीत कण. मोठ्या सेन्सरवर मुळातच उजेड जास्त पडलेला असतो, आवाज कमी चढवावा लागतो, घरघर कमी.

म्हणून माझं स्पष्ट मत, डाळीच्या दाण्याएवढ्या सेन्सरचा साधा कॅमेरा आज विकत घेऊ नये. बऱ्यापैकी मोबाइलचा मुख्य सेन्सर आता त्याहून मोठा असतो, शिवाय मोबाइल एका दमात चार-सहा फोटो काढून त्यांचा एक करतो, त्यानं कण आणखी कमी होतात. बजेट दहा हजार असेल आणि खिशात चांगला मोबाइल असेल, तर ते दहा हजार बँकेत राहू द्या. याला दोनच अपवाद मला पटतात, एक लांबच्या पक्ष्यांसाठी आणि एक धुळीसाठी. त्यांच्याकडे येतोच.

हीच गोष्ट कंपन्यांच्याही लक्षात आली. २०१० च्या सुमारास जगभरात वर्षाला दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडायचे. लग्नात, सहलीत, प्रत्येकाच्या मनगटाला तो दोरीनं लटकलेला. २०२३ पर्यंत हा आकडा २० लाखांच्या खाली आला. स्वस्त कॅमेरे मोबाइलनं खाल्ले, उरले ते मोबाइलला जे जमत नाही ते करणारे. म्हणून उरलेल्यांच्या किमती आता मोटारसायकलच्या किमतीला टेकल्यात, आणि म्हणूनच घेताना चूक परवडत नाही.

लेन्सवरचा दुसरा आकडा

लेन्सच्या कडेनं बारीक अक्षरांत दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ १.८ ते ४.९. यांना एफ-नंबर म्हणतात आणि यांचा हिशोब उलटा चालतो, आकडा लहान तेवढी लेन्समधली उजेड आत घेणारी खिडकी मोठी. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. दुकानदार नेहमी पहिला सांगतो. तुम्ही दुसरा विचारा.

सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली आला. नखाएवढा सेन्सर, २० मेगापिक्सेल, आणि शर्टच्या खिशात जाईल एवढं अंग. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचं गणितच त्यानं बदललं. त्याची लेन्स १.८ ते ४.९. कॅननचा जी७एक्स मार्क थ्री २०१९ चा, सेन्सर त्याच मापाचा, लेन्स १.८ ते २.८. दोघेही पूर्ण झूमवर १०० मिलिमीटरच्या बरोबरीचे (लेन्सचे मिलिमीटर म्हणजे ती लांबचं किती जवळ आणते त्याचं माप, आकडा मोठा तेवढं जवळ). मग फरक काय? झूम केल्यावर कॅननच्या लेन्समधून सोनीपेक्षा तिप्पट उजेड आत येतो. अंधारलेल्या जागी हा फरक फार मोठा.

मागाच्या शेडमध्ये हे मी हातानं मोजलेलं आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात, झूम न करता, एफ १.८ आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला की आयएसओ ८०० वर भागायचं. तिथंच उभं राहून मागाच्या पलीकडे बसलेल्या कामगाराच्या चेहऱ्यावर झूम केला, लेन्स ४.९ वर गेली, की आयएसओ ६००० च्या घरात. चेहऱ्यावर रांगोळी. तेव्हा शहाणा माणूस झूम करत नाही, चार पावलं पुढं जातो.

सेकंदाचा शंभरावा भागच का, तेही सांगतो, कारण हे कुठल्याच माहितीपत्रकात धड लिहिलेलं नसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही. पण कॅमेरा आवाज न करणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला तर सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. मी पहिल्या रविवारी घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोला पट्टे, चादरीच्या डिझाइनसारखे! शटर शंभरावर किंवा पन्नासावर ठेवलं की प्रत्येक ओळीला मंद-तेजची पूर्ण फेरी मिळते आणि पट्टे जातात. तेव्हा मेकॅनिकल, म्हणजे खरोखर उघडझाप करणारं, शटर आहे का आणि शटरचा वेग हातानं ठरवता येतो का, हे बघून घ्या.

हात हलण्यावर उपाय म्हणून स्टॅबिलायझेशन असतं. ते तुमचा हात सावरतं, समोरचं धावणारं पोर सावरत नाही. एवढं लक्षात असलं की पुरे.

आता लांबच्या पक्ष्यांचा अपवाद. कंबर तलावावर थंडीत जाऊन बसणारे, हिप्परग्याला जाणारे, नान्नजच्या माळावर काळवीट शोधणारे लोक असतात, त्यांना झूम लागतोच. कॅननच्या एसएक्स७४० मध्ये ४० पट ऑप्टिकल झूम आहे, २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत, आणि तरी तो खिशात जातो. पण डाळीएवढा सेन्सर आणि टोकाला एफ ६.९, म्हणजे खिडकी अगदी किलकिली. सकाळच्या स्वच्छ उन्हात छान, सूर्य कलला की बोंब. शिवाय दहानंतर तलावावरची हवा तापून थरथरायला लागते, तेव्हा लाखाची लेन्स लावा नाहीतर हजाराची, बगळा पाण्यात विरघळल्यासारखाच येतो. पहाटे उठा, हा त्यावरचा उपाय फुकट आहे.

पांढरी बाराबंदी करडी का येते

हा भाग भाच्याला सगळ्यात आवडला, कारण त्याची तक्रारच ती होती. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आणि हजारो माणसं पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत. डोळे दिपतात. आणि फोटो? सगळी बाराबंदी मळकट, करडी.

कॅमेरा बिघडलेला नसतो. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाएवढं उजळ असणार, असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. समोर सगळं पांढरंच असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. काळ्या घोंगड्यावर बसलेल्या काळ्या मांजरीचं उलट होतं, ते राखाडी येतं. अशा वेळी आपण कॅमेऱ्याला सांगायचं, थोडा उजेड वाढव. अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. बाराबंदीला अधिक पाऊण ते अधिक एक दिलं की पांढरं पांढरं येतं.

निवडीशी याचा संबंध असा, की हे बटण हाताशी हवं. गर्दीत धक्के खात, नंदीध्वज डोलत डोलत समोरून जात असताना मेनूत शिरून सहाव्या पानावर ही सोय शोधायची म्हटलं तर काठी पुढच्या चौकात पोचलेली असते. जी७एक्स मार्क थ्रीवर यासाठी वेगळी चकती आहे, फुजीच्या एक्स१०० मालिकेवरही आहे. दुकानात कॅमेरा हातात घेतलात की न विचारता, न शोधता, दोन सेकंदांत फोटो उजळ करता येतो का, एवढंच करून बघा. कॅमेरा आपल्या हाताचा आहे की नाही ते तिथंच कळतं.

जानेवारीतलं हे ऊनच आणखी एक गोष्ट शिकवतं. उघड्यावर मागचा पडदा दिसत नाही. एप्रिलमध्ये तर नाहीच नाही. आपण आपलंच तोंड बघत अंदाजानं फोटो काढतो. डोळा लावून बघायचं छिद्र, व्ह्यूफाइंडर, असेल तर हा प्रश्न मिटतो. आरएक्स१०० च्या २०१४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून सातव्यापर्यंत ते टुणकन वर येणारं आहे. जी७एक्समध्ये नाही. रिकोच्या जीआरमध्ये नाही. पॅनासॉनिकच्या टीझेड९५ मध्ये होतं, तर २०२५ साली त्याचा भाऊ टीझेड९९ यूएसबी-सी घेऊन आला आणि व्ह्यूफाइंडर घालवून बसला. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी सक्तीचं झालं, त्या सुमाराची ही उलाढाल. एकाच चार्जरवर मोबाइल आणि कॅमेरा ही सोय मोठी, पण सोलापुरात राहणाऱ्या माणसाला मी चार्जरपेक्षा छिद्र महत्त्वाचं म्हणेन.

धूळ, ऊन आणि बॅटरी

भरवशाचा कॅमेरा म्हणजे काय, याचं माझं उत्तर माझ्या कपाटात पडलंय. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स चालू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. बाहेर येताना आतली जागा वाढते, म्हणजे हवा आत ओढली जाते. हवेबरोबर धूळ. सायकलच्या पंपाचा दांडा वर ओढल्यावर जे होतं तेच. दिवसातून शंभर वेळा उघडझाप केली की शंभर घोट धूळ. यातली काही गिअरमध्ये अडकते, मग माझ्यासारखी कर्र. काही थेट सेन्सरवर बसते, मग प्रत्येक फोटोतल्या आभाळात एकाच जागी पुसट काळा डाग. लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात ती निदान काढून पुसता येते. इथं लेन्स निघतच नाही, पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो.

आपली हवा कोरडी, याचा एक फायदा आहे. कोकणात, मुंबईत लेन्सला बुरशी धरते, ओलसर हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. आपल्याकडे तो त्रास कमी. बुरशीची माफी मिळाली तिची वसुली धूळ करते.

धुळीतच काम असेल, म्हणजे शेत, खाण, माग, वारीचा रस्ता, तर ऑलिंपसचा टीजी-६ किंवा ओएम सिस्टिम नावानं आलेला टीजी-७ बघा. लेन्स बाहेर येतच नाही, सगळा झूम पोटात. धूळ शिरत नाही, १५ मीटर पाण्याखाली चालतो, दोन मीटरवरून पडला तरी टिकावा असा बांधलेला. सेन्सर मात्र डाळीचा दाणा. हा तो दुसरा अपवाद. तीन हंगाम न बिघडता चाललेला साधा कॅमेरा बरा, की महिन्याभरात तोंड वासून बसलेला भारी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. फुजीच्या एक्स१००व्ही आणि एक्स१००व्हीआयला पुढं रिंग आणि फिल्टर लावला की धूळ-पावसापासून बराच बंदोबस्त होतो, पण ती रिंग वेगळी विकत घ्यावी लागते आणि तो कॅमेरा खिशात नाही, कोटाच्या खिशात जातो. सोलापुरात कोट कोण घालतो?

बाकीच्यांसाठी सवयी. दुचाकीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपला पारा सावलीतच ४३-४४ ला टेकतो, डिकीत काय होत असेल! बॅटरी फुगते ती अशीच. कॅमेरा झिप असलेल्या पाउचमध्ये ठेवा, खिशात मोकळा नको, कारण खिशाच्या तळाशी जो भुगा असतो तोच लेन्समध्ये जातो. आणि वारा सुटला असताना लेन्स आतबाहेर करत बसू नका.

बॅटरीबद्दल लोक विचारतात, किती फोटो निघतात? रिकोच्या जीआर थ्रीमध्ये कंपनीच सांगते साधारण २००, जी७एक्स मार्क थ्रीमध्ये २३५. म्हणजे यात्रेला दोन बॅटऱ्या लागणारच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती बॅटरी पाच वर्षांनी मिळेल का. आरएक्स१०० च्या पहिल्या आवृत्तीपासून सातव्यापर्यंत एनपी-बीएक्स१ ही एकच बॅटरी आहे, त्यामुळं ती सहज मिळते. एखाद्याच मॉडेलला लागणारी बॅटरी असली आणि ते मॉडेल बंद पडलं, की चांगला कॅमेरा पेपरवेट होतो. कॅमेरा ठरवण्याआधी त्याची बॅटरी आज नवीन मिळते का हे शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग कुठला?

एकच उत्तर नाही, पण गोलगोलही बोलत नाही. घरचे, यात्रा, प्रवास, सगळं थोडंथोडं काढायचं असेल तर नखवाला सेन्सर आणि तीन-चार पट झूम. जी७एक्सची मार्क टू किंवा थ्री, नाहीतर आरएक्स१०० ची तिसरी ते पाचवी आवृत्ती, जी७एक्सची लेन्स २४ ते १०० मिलिमीटर, या आरएक्स१०० ची २४ ते ७०, आणि टोकाला सगळ्यांची एफ २.८. झूमची गरजच नसेल, गल्लीबोळातून चालत माणसं टिपायची असतील, तर जीआर थ्री. एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटरची एकच लेन्स, मुठीत मावतो. त्यात फ्लॅशही नाही, मुलाच्या बारशाला नेऊ नका, बायको बोलेल.

हल्ली वीस वर्षांपूर्वीचे, सीसीडी या जुन्या जातीच्या सेन्सरचे छोटे कॅमेरे शोधून घ्यायची टूम निघालीय. रंग वेगळे येतात, मजा आहे, हजार-दोन हजारांत मिळाला तर जरूर घ्या. पण २००९ च्या आधीच्या कॅमेऱ्याला ३२ जीबीहून मोठं कार्ड बहुधा चालत नाही, काहींना तर २ जीबीच्या वर काहीच नाही. भरवशाच्या यादीत तो बसत नाही.

नवा घेताना बिलावर सीरियल नंबर हवा आणि वॉरंटी भारतातल्या कंपनीची हवी. परदेशातून परस्पर आणलेला माल स्वस्त मिळतो, बिघडला की भारतातलं सर्व्हिस सेंटर हात वर करतं.

भाच्याचं बजेट दहावरून सरकत सरकत पंचवीसपर्यंत आलं, त्यात आजोबांचा वाटा किती ते मी विचारलं नाही. एवढ्यात नखवाला सेन्सर सेकंडहँडच. जुळे सोलापुरात एकानं विकायला काढलेला सापडला. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. विकणाऱ्याच्या परवानगीनं थेट गच्चीवर.

आधी कॅमेरा कानाशी धरून वीस वेळा उघड-बंद केला. लेन्स एकाच चालीनं आतबाहेर व्हायला हवी, मध्येच अडखळली किंवा वाळू चावल्यासारखा आवाज आला तर नमस्कार करून निघायचं. मग बाहेर आलेली लेन्स दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवून पाहिली, थोडी ढिलाई सगळ्यांना असते, एका बाजूला कललेली नको. कोपऱ्यांवर पडल्याच्या खुणा आहेत का, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, वर उचलायचा पडदा सगळ्या कोनांत उजळलेला राहतो का. लेन्सवर हात झाकून एक पूर्ण काळा फोटो काढला, त्यात लाल-हिरवे ठिपके चमकत नव्हते. समोरून टॉर्च मारून काच पाहिली, जाळी नव्हती.

शेवटची परीक्षा आभाळाची. लेन्सचं तोंड जेवढं लहान होईल तेवढं करायचं, या कॅमेऱ्यात एफ ११, आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा. तोंड मोठं असताना धूळ दिसत नाही, लहान केलं की डाग उघडे पडतात.

भाच्यानं फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. उजव्या वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका. विकणाराही वाकून बघायला लागला, म्हणाला, "कालपर्यंत तर नव्हता हो."

"अजून एक काढ," मी म्हटलं. "तिथंच, न हलता."

दुसऱ्या फोटोत ठिपका डावीकडे सरकलेला होता. तिसऱ्यात नव्हताच. मान वर केली तर एक घार पंख न हलवता किल्ल्याच्या दिशेनं निघाली होती.